'एच'पासून सुरुवात करू पाहणाऱ्यांसाठी
पाश्चात्त्य गाणी त्यांच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरानुसार ऐकायची असतील, तर 'एच' हे अक्षर आधी घ्यावे, असे मी आवर्जून सुचवीन. पहिला मान लिओनार्ड कोहेन यांच्या १९८४ च्या 'हालेलुया'ला द्यावा. त्याच्या पहिल्याच कडव्यात चौथ्या आणि पाचव्या कॉर्डचा (सप्तकातील चौथ्या व पाचव्या स्वरावर उभ्या राहणाऱ्या, एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांचा) उल्लेख येतो आणि नेमक्या त्या शब्दांवर साथीला त्याच कॉर्ड वाजतात. 'मायनर' हा शब्द येताच साथही उदास भासणाऱ्या मायनर कॉर्डवर जाते, त्यामुळे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला शब्द आणि सूर यांचे नाते पुस्तकाविना उमगते. त्यानंतर याच गाण्याचे जेफ बकली यांचे १९९४ चे गायन ऐकावे. मला स्वतःला तेच अधिक भिडते.

बीटल्सचे 'हे जूड' (१९६८) सात मिनिटांहून मोठे असून त्याचा निम्म्याहून अधिक भाग एकाच ओळीच्या आवर्तनांचा आहे, पण कंटाळून ते मध्येच सोडू नये, कारण त्या आवर्तनांवर पॉल मॅकार्टनी ज्या मोकळेपणाने आवाज लावतात, तीच त्या गाण्याची खरी गंमत आहे. ईगल्स या बँडच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'च्या अखेरीस डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या गिटारांची जुगलबंदी आहे. ती हेडफोन लावूनच ऐकावी.