ग्रुप प्रोजेक्टमध्ये पाचातले दोघंच राबतात. वर 'गटकार्याचा अनुभव' लिहायचा तो कसा?

काम 'सगळ्यांचं' ठेवलं की ते कुणाचंच राहत नाही. फ्रेंच अभियंता रिंगेलमान यांच्या दोरी ओढण्याच्या प्रयोगांत (१९१३ साली प्रसिद्ध) हेच दिसलं: माणसं वाढली की दरडोई जोर घटतो. म्हणून प्रत्येक कामापुढे एकच नाव आणि वेळ लिहा. 'सर्वेक्षण करणे' नको. 'दादर स्टेशनबाहेरच्या १० फेरीवाल्यांच्या मुलाखती, शुक्रवार रात्री ९ पर्यंत' असं हवं. कुणी विरारचा, कुणी बदलापूरची असेल तर रोज भेटायचा हट्ट सोडा. आठवड्यातून एकदा, लेक्चर संपल्यावर, ४० मिनिटं पुरतात. आणि व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे होकार धरू नका. तो फार तर 'वाचलं' एवढंच सांगतो, इथेच हमखास फसगत होते.

अनुभव शेवटच्या रात्री आठवत बसू नका. प्रत्येक भेटीनंतर तीन ओळी खरडा: काय ठरलं, काय अडलं, मी काय केलं. अनुभवातून शिकण्यासाठी शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ साली मांडलेल्या चिंतन-चक्रात सहा टप्पे आहेत: घटना, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. बहुतेक जण घटनेतच दोन पानं घालवतात. खरं वजन विश्लेषणाला. 'तो आलाच नाही' ही तक्रार झाली. 'त्याला तारीख कुणी सांगितलीच नव्हती, मीही विचारलं नाही' हे विश्लेषण.