टाकीला लांबी भरू नका

प्रश्न : माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. 1992 साली त्यांनी हिरो होंडा सीडी 100 घेतली आणि वीस वर्षं तिच्यावरून शाळेत गेले. 2012 पासून गाडी गावच्या घरी पडवीत उभी आहे. आप्पांना जाऊन तीन वर्षं झाली. पाच महिन्यांनी त्यांची पुण्यतिथी आहे. त्या दिवशी घरापासून शाळेपर्यंत ती गाडी मी चालवत न्यावी, असं मनात आहे. दादा म्हणतो, भंगारात घाल, वेड्यासारखे पैसे उडवू नकोस. आई म्हणते, हात लावू नका, आहे तशी राहू दे. शहरातला एक गॅरेजवाला 'शोरूमसारखी करून देतो' म्हणतो : नवा रंग, नवे स्टिकर, अलॉय चाकं. टाकीच्या डाव्या बाजूला आप्पांची कापडी पिशवी घासून रंग उडालेला एक पट्टा आहे, तोही लांबी (पुट्टी) भरून बुजवणार म्हणाला. मी स्कूटर चालवते. इंजिनातलं मला काही कळत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर :

सुरुवात आईपासून करा. 'हात लावू नका' याचा अर्थ 'दुरुस्त करू नका' असाच असेल असं नाही. तुमच्या त्या गॅरेजवाल्याचं ऐकलं तर पडवीतून आप्पांची गाडी जाईल आणि दुसरीच कुणाची तरी परत येईल. आईला बहुतेक तीच भीती असावी, आणि ती रास्त आहे. तेव्हा परवानगी मागण्याऐवजी तिला गाडीजवळ न्या आणि विचारा, यातलं काय बदलायचं नाही? ती जे बोट दाखवेल त्याचे फोटो काढा, यादी करा. बाजूच्या झाकणाआड हत्यारांची जागा असते. तिथलं सगळं, पाना असो की पेट्रोलपंपाची पावती, आईच्याच हाती द्या. गॅरेजमध्ये हे हमखास झटकून टाकलं जातं.

माझं मत सरळ आहे. आतलं सगळं लागेल तसं नवं करा, बाहेरचं जवळजवळ काहीच करू नका. रिंगा, लायनर, टायर यांत आप्पा नाहीत. पिशवीच्या पट्ट्यात आहेत, गुळगुळीत झालेल्या किकच्या रबरात आहेत.

दादांचा हिशेब चुकीचा नाही. या गाडीला हौशी लोकांचा बाजार फारसा नाही. जितके घालाल तितके परत येणार नाहीत, हे आधीच कबूल करून टाका, म्हणजे निम्मं भांडण मिटतं. पण दोन गोष्टी त्यांच्या कानावर घाला. भंगारात द्यायची झाली तरी आरसी रद्द करून द्यावी लागते. आप्पांच्या नावावरची गाडी नुसती भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवून मोकळं होता येत नाही. आणि गाडी तुमच्या नावावर करायला वारस म्हणून आईची नि दादांची संमती लागणार. म्हणून इंजिनाचा एक बोल्ट उघडण्याआधी दादांची सही मिळवा. गाडी तयार झाल्यावर ते अडून बसले, तर ती पडवीतच राहील, फक्त जास्त महाग होऊन.

कागदांचं काम गाडीच्या कामासोबतच सुरू करा, कारण उशीर तिथेच होतो. आधी एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून पाहा. जुनी पुस्तकवाली आरसी असेल तर नोंद ऑनलाइन सापडणार नाही कदाचित. मग ज्या आरटीओत गाडी नोंदली गेली तिथे 'बॅकलॉग एंट्री' करून घ्यावी लागते. मालकाच्या मृत्यूनंतर नाव बदलायला फॉर्म 31, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. हा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. तुमचा उशीर झालाय, दंड भरावा लागेल. नोंदणीची पहिली पंधरा वर्षं 2007 लाच संपली. पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, त्याला फॉर्म 25. वीस वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीला ऑगस्ट 2025 पासून त्याची फी 2000 रुपये आहे. पर्यावरण कर, विलंबाचा दंड, विमा, पीयूसी आणि एचएसआरपी नंबरप्लेट वेगळी. 'व्हिंटेज' नोंदणीचा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या, ती 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना असते. तपासणीला गाडी टेम्पोत घालून न्या. नोंदणी संपलेली, विमा नसलेली गाडी 'एवढंसं तर अंतर' म्हणून रस्त्यावर काढू नका.

आणि तुमचं लायसन्स काढून बघा. स्कूटरवर मिळालेलं असेल तर त्यावर विनागिअर असंच लिहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे. त्यावर ही गाडी चालवता येत नाही. गिअरच्या दुचाकीसाठी नवं शिकाऊ लायसन्स, मग किमान 30 दिवसांनी चाचणी. पाच महिन्यांतला एक इथेच गेला, तेव्हा अर्ज आजच करा.

आता गाडी. पहिला नियम : कुणीही किक मारून 'बघूया होते का चालू' करायचं नाही. इतकी वर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचा पापुद्रा असतो. कोरड्या रिंगा त्यावर घासल्या की सिलिंडरला चरे पडतात, आणि जे काम पिस्टनच्या रिंगा बदलून भागलं असतं ते बोअरपर्यंत, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करण्यापर्यंत, जातं. प्लग काढा, भोकातून दहा मिलिलिटर इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस थांबा. मग प्लग न लावता गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. इंजिन मोकळं असेल तर प्लगच्या भोकातून फुसफुस ऐकू येईल. हलत नसेल तर पुन्हा तेल सोडा, आणखी दोन-तीन दिवस द्या. किकवर उभं राहून उड्या मारणारा मेकॅनिक भेटला तर गाडी परत घेऊन या. अडकलेल्या इंजिनावर जोर केला की किकचे दाते तुटतात आणि मग अख्खं इंजिन उघडावं लागतं.

हे इंजिन 97.2 सीसीचं, आडवं, एका सिलिंडरचं. पुढे स्प्लेंडरमध्ये याच जातीचं इंजिन आलं, म्हणून पिस्टन, रिंगा, टायमिंग चेन, क्लचप्लेट असं बरंच काही तालुक्याच्या दुकानातही मिळतं. तरी फक्त नाव सांगून काही आणू नका. जुना भाग हातात घेऊन जा, नव्याशेजारी ठेवून दाते, भोकं, जाडी जुळवा.

जुनं ऑइल काढल्यावर नवं भरून मोकळं व्हायचं नाही. या इंजिनात ऑइल फिल्टर बाहेरून बदलायचा नसतो. उजव्या बाजूचं क्लचकव्हर उघडलं की क्रँकच्या टोकावर तीन स्क्रूंचं एक वाटीसारखं झाकण दिसतं. ती वाटी गरागरा फिरते आणि ऑइलमधला कचरा कडेला फेकून धरून ठेवते. उभ्या गाडीत तिथे काळ्या मेणासारखा थर बसलेला असतो, नखाने खरवडला तर नखात अडकतो. तो रॉकेलने धुवायचा. तिथेच खाली जाळी असते, तीही ओढून काढून साफ करायची. हे न करता नवं ऑइल भरलं तर तो थर सुटून ऑइलच्या वाटेत अडकतो आणि वरचा कॅम आणि रॉकर (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) कोरडे पडून झिजतात. क्लचकव्हर उघडलंच आहे तर चिकटलेल्या क्लचप्लेटही सोडवून घ्या. मग 10डब्ल्यू-30 ऑइल 0.9 लिटर. इंजिन पहिल्यांदा चालू केल्यावर मंद ठेवून टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हवरचं, एक झाकण उघडून बघायला सांगा, आत ऑइलचा ओलावा दिसला पाहिजे. नाही दिसला तर लगेच बंद.

टॅपेटची फट (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली) थंड इंजिनावर, मॅग्नेटवरची 'टी' खूण जुळवून, 0.05 मिलिमीटर, दोन्ही व्हॉल्व्हना. अंदाजाने बोट लावून नाही, गेज घालून. फार घट्ट ठेवले तर टकटक येत नाही म्हणून गिऱ्हाईक खूश होतं आणि व्हॉल्व्ह जळतो. प्लगचा गॅप 0.6 ते 0.7.

'बोअर करावाच लागेल' असं कुणी न मोजता म्हणालं तर ऐकू नका. धूर बघा. सकाळी चालू करताना निळा धूर येऊन थांबला तर बहुतेक व्हॉल्व्हचे सील कडक झालेत, ते स्वस्तातलं काम आहे. चढावर एक्सलेटर दिल्यावर सतत निळा धूर आला तर रिंगा किंवा बोअर. तेव्हा लेथवाल्याकडून सिलिंडर वर, मध्ये, खाली असं तीन ठिकाणी मोजून घ्या. मूळ माप 50 मिलिमीटर आहे. झीज 0.10 पर्यंत आणि चरे नसतील तर रिंगांवर भागू शकतं. त्याहून जास्त असेल तर 0.25 चा मोठा पिस्टन घालून बोअर, त्यातही भागत नसेल तरच 0.50. एकदम मोठ्या मापावर जाऊ नका, पुढच्या वेळेसाठी जागा उरत नाही. (पहिली काही मिनिटं सायलेन्सरमधून पांढरी वाफ नि पाणी येतं. ते साठलेल्या दमटपणाचं असतं, त्यावरून घाबरवून कुणी इंजिन उघडायला लावू नये.)

टाकीत बहुधा गंज आणि आंबलेल्या पेट्रोलचा डिंक असेल. टाकी उतरवून, पेट्रोलचा कॉक काढून, आतलं आधी साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत. मग कॉकचं भोक घट्ट बंद करून, गरम पाण्यात लिटरला 50 ते 60 ग्रॅम लिंबूसत्व घालून टाकी काठोकाठ भरा, 24 तास ठेवा. गंज जाड असेल तर मूठभर नट टाकून हलवा, आणि नट मोजून टाका, मोजून काढा. ओतल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने एकदा, साध्या पाण्याने दोनदा, लगेच वाळवून आत थोडं ऑइल फिरवा. वाळवण्यात तासभर आळस केला की गंज पुन्हा धरतो. यात एकच जपायचं : लिंबूसत्वाचं पाणी बाहेर ओघळलं तर रंग मरतो. टाकीला बाहेरून प्लास्टिक गुंडाळा, तोंडाभोवती ग्रीस लावा. पिशवीच्या पट्ट्यावर पत्रा उघडा पडला असेल तर तिथे शेवटी मेणाचं बोट फिरवा, म्हणजे गंजणार नाही आणि दिसेलही तसाच.

कार्बोरेटर उघडला की फ्लोटच्या वाटीत हिरवट-पिवळा थर सापडेल. गाडी चोकवर चालते आणि चोक काढला की बंद पडते, ही तक्रार आली तर लहान जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक) बुजलेला आहे. तो तारेने टोचायचा नाही, भोक मोठं होतं. स्प्रे मारायचा, हवा मारायची. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरचे रबर नवेच घाला. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. जुनं रबर त्यात फुगतं आणि ते पेट्रोल ओल धरून ठेवतं. गाडी पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करायची सवय लावा.

वायरिंगमध्ये उंदीर राहून गेले असतील तर जोड देत बसू नका, पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) बदला. बॅटरी आणि बल्ब घेण्याआधी जुन्यावर किती व्होल्ट लिहिलंय ते वाचा. टायर कितीही चांगले दिसले तरी गेले समजा. वयाची खूण बाजूच्या चार आकड्यांत असते, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ट्यूबही नव्या. ब्रेकचे लायनर नवे, आणि ज्या दांड्यावर ते फिरतात तो काढून ग्रीस लावायला सांगा. तो गंजून अडकला की ब्रेक दाबला तर लागतो, सुटत नाही. ड्रममधली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. हँडलचा कोनसेट, मागच्या हबचे रबर आणि चेन स्प्रॉकेट एकाच वेळी करून घ्या.

अलॉय चाकांना नाही म्हणा. तारांची चाकं गंजली असतील तर रिम बदला, तारा घालून घ्या. फ्रेमला कुठे रंग लावावाच लागला तर हँडलखाली गळ्याशी ठोकलेला चासी नंबर आधी चिकटपट्टीने झाका. घासकामात किंवा जाड रंगाखाली तो बुजला की तपासणीत गाडी अडकते, आणि ते निस्तरणं अख्ख्या इंजिनकामापेक्षा जड जातं.

शहरातल्या त्या गॅरेजऐवजी गावाजवळचा एखादा जुना मिस्त्री शोधा, ज्याच्याकडे आजही दूधवाल्यांच्या गाड्या येतात. काम टप्प्याटप्प्याने द्या : आधी ऑइल, टाकी, कार्बोरेटर. इंजिन चालू झाल्यावर धूर आणि आवाज बघून पुढचं. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत परत मागा.

तीन महिन्यांत गाडी चालू झाली आणि कागद हातात आले पाहिजेत, कारण उरलेला वेळही कामाचा आहे. बोअर किंवा रिंगा केल्या असतील तर पहिले 500 किलोमीटर वेग ताशी चाळीसच्या आत, आणि 300 ला ऑइल बदल. नवे लायनर बसायलाही शे-दोनशे किलोमीटर जातात, तोवर ब्रेक लांबून धरायचा. गिअरचे सगळे टप्पे या गाडीत पायाच्या पुढच्या भागाने खाली दाबून पडतात, स्कूटरच्या सवयीने डावा हात ब्रेक समजून क्लच दाबेल, हे पहिल्या आठवड्यात होणारच. सराव मोकळ्या मैदानात करा. आईला मागे बसवायचं असेल तर पुण्यतिथीच्या दिवशी पहिल्यांदा नको, आधी दोन-तीनदा गावातल्या गावात फिरवून आणा.

आणि जॉबकार्डवर पहिली ओळ तुम्ही लिहा, मिस्त्रीची सही घ्या : टाकीला लांबी, रंग, पॉलिश काहीही नाही.