मेलबर्नमध्ये लॉन-मोइंगची फ्रँचायझी घ्यावी का? मुलुंडच्या एका बँकवाल्याला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४२, बीकेसीतल्या खासगी बँकेत कर्ज विभागात नोकरी, राहायला मुलुंड पूर्वेला. पत्नी नर्स आहेत आणि त्यांच्या अर्जावर तुम्हा सगळ्यांना १९० व्हिसा मिळाला आहे, म्हणजे मेलबर्नला उतराल ते पीआर घेऊनच. तिकडे जाऊन पुन्हा एसीतली खुर्ची नको, उघड्यावरचं काम हवं, म्हणून लॉन-मोइंगची, म्हणजे घरोघरी अंगणातलं गवत कापून द्यायच्या धंद्याची, फ्रँचायझी डोक्यात आहे. मुलुंडचा फ्लॅट विकून पैसे उभे करावेत का, आणि हे काम आपल्याला झेपेल का, हे तुम्ही विचारलंय.

मी मूळची गोरेगावची. फोर्टमधल्या एका विमा कंपनीत क्लेमच्या फायली तपासत होते. आता मेलबर्नच्या पूर्वेकडच्या उपनगरांत माझी अशीच फ्रँचायझी आहे. नवरा आयटीत आहे, मशिनं आणि ट्रेलर माझे. जून-जुलैत तिकडे हिवाळा, गवताची वाढ जवळजवळ थांबते, म्हणून सध्या आईकडे आले आहे. बाहेर पाऊस कोसळतोय, तेव्हा सविस्तर लिहिते.

आधी उत्तर: फ्रँचायझी वाईट नाही, पण उतरल्या उतरल्या घेऊ नका. एक पूर्ण मोसम, सप्टेंबर ते मे, दुसऱ्याच्या हाताखाली गवत कापा. आणि एवढ्यासाठी मुलुंडचा फ्लॅट तर मुळीच विकू नका.

तुम्ही नेमकं काय विकत घेणार आहात, ते आधी बघू. मशिनं कुठल्याही दुकानात मिळतात. आपल्याकडे पेपरची लाइन विकली जाते ना, अमुक इमारती, तमुक घरं, महिन्याचा ठरलेला हिशेब, तसाच हा व्यवहार आहे. गिऱ्हाइकांची यादी, एक ठरलेला इलाखा, कंपनीचं नाव आणि ते नाव बघून वाजणारा फोन. ऑस्ट्रेलियात हा धंदा मोठा करणारे जिम पेनमन इतिहासात पीएचडी केलेले गृहस्थ. शिकताना खर्चासाठी गवत कापायचे, १९८९ मध्ये त्यांनी फ्रँचायझी द्यायला सुरुवात केली आणि आज ‘जिम्स मोइंग’चे ट्रेलर तिकडच्या प्रत्येक शहरात दिसतात. तेव्हा शिकल्यासवरलेल्या माणसाने हे काम करावं का, या प्रश्नाचा निकाल तिकडे केव्हाच लागलाय. तो इकडेच लागायचा आहे. ‘एवढी बँकेतली नोकरी सोडून माळीकाम?’ हे वाक्य तुम्ही सासुरवाडीला ऐकाल, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकाल. मीही ऐकलं. वर बाई म्हणून थोडं जास्त ऐकलं, आणि मेलबर्नमध्येही सुरुवातीला एक-दोन गिऱ्हाइकांनी ‘कापणारा माणूस कधी येणार?’ असं दारातच विचारलं. मशीन चालू केलं की हा विषय संपतो.

आता पैसा, कारण तुम्ही कर्ज विभागातले आहात, आकडे मागणारच. समजा साधारण अंगणाला ६० डॉलर मिळाले आणि दिवसाला आठ अंगणं झाली. ४८० झाले. पण हा गल्ला झाला, कमाई नाही. यातून पेट्रोल, कंपनीची फी, विमा, ब्लेड, गाडीचा हप्ता, आणि कापलेलं गवत कचरा केंद्रावर टाकायचे पैसे जातात. शिवाय भाव सांगायला जाणं, हिशेब, मशीन साफ करणं, या तासांचे पैसे कोणी देत नाही. पाऊस पडला की दिवस सरकतो आणि पुढच्या दिवसावर बसतो. सगळं वजा करून उरलेल्या रकमेला खऱ्या तासांनी भागा. जुलै २०२५ मध्ये तिकडे किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं, कॅज्युअल म्हणजे कायम नोकरी नसलेल्या कामगाराला त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे ३१ च्या वर. शिवाय नोकरदाराच्या पगारावर मालक १२ टक्के सुपर भरतो. आपल्या पीएफसारखं समजा. धंदेवाल्याला सुपर स्वतःच बाजूला काढावं लागतं, भरपगारी रजा नसते, आजारपण स्वतःच्या खिशातून. तुमचा भागाकार ३१ च्या खाली येत असेल तर तुम्ही पैसे मोजून कमी पगाराची नोकरी विकत घेतली, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या वर्षी अनेकांचा तो खालीच येतो. नंतर वर चढतो, कारण गिऱ्हाइकं एकाच गल्लीत जमत जातात आणि गाडी चालवण्याचे तास कमी होतात.

जीएसटीकडे आत्ताच बघून ठेवा. वर्षाची उलाढाल ७५,००० डॉलरला पोचली की नोंदणी सक्तीची, दर १० टक्के. तुमचं गिऱ्हाईक घरगुती असतं, त्याला तो कर परत मिळत नाही. म्हणजे एक तर भाव दहा टक्क्यांनी वाढवा, नाहीतर तेवढं स्वतःच्या पोटातून द्या. कंपनीच्या रंगीत पत्रकात दाखवलेली आठवड्याची रक्कम जीएसटीसह आहे की वगळून, हे पहिल्याच भेटीत विचारा. तसंच ‘उत्पन्नाची हमी’ या शब्दावर भुलू नका. ती बहुतेक वेळा गल्ल्याची हमी असते, नफ्याची नव्हे, आणि दिलेलं काम तुम्ही नाकारलं की हमीची अट मोडते. चाळीस किलोमीटरवरचं एकच अंगण दिलं तरी ते ‘दिलेलं काम’च.

फीचे दोन प्रकार असतात. महिन्याला ठरावीक रक्कम, किंवा गल्ल्यावर टक्केवारी. ठरावीक फी हिवाळ्यात टोचते, टक्केवारी तुम्ही वाढलात की टोचते. काही ठिकाणी कंपनीने पाठवलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे वेगळे पैसे लागतात. मला ठरावीक फी बरी वाटते, कारण मोठं व्हायचा दंड बसत नाही; पण त्यासाठी हिवाळ्याचे तीन महिने काढायला गाठीला पैसे लागतात.

कायदा तुमच्या बाजूचा आहे, तो वापरा. तिकडे फ्रँचायझिंग कोड ऑफ कंडक्ट सक्तीचा आहे आणि एसीसीसी ही सरकारी संस्था त्यावर लक्ष ठेवते. सही करायच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला डिस्क्लोजर डॉक्युमेंट, म्हणजे धंद्याची सगळी माहिती उघड करणारा दस्तऐवज, द्यावं लागतं आणि सही केल्यावरही १४ दिवस तुम्हाला मागे फिरता येतं. या दस्तऐवजात सध्याच्या फ्रँचायझीवाल्यांबरोबर सोडून गेलेल्यांचीही माहिती असते. सध्याचे लोक चांगलंच बोलतील, त्यांना पुढेमागे आपली लाइन विकायची असते. सोडून गेलेल्यांना फोन करा. का सोडलं, पाठीमुळे की पैशामुळे, विकताना किती मिळाले, हे विचारा. करार संपल्यावर त्याच भागात तोच धंदा करायला बंदी घालणारं कलमही त्यात बहुधा असतं. ते किती महिन्यांचं आणि किती किलोमीटरचं, ते बघा, आणि सही करण्याआधी तिथल्या वकिलाला पैसे देऊन करार वाचून घ्या. इथे काटकसर नको.

इलाखा निवडताना मेलबर्नचा पाऊस समजून घ्या. नव्याने येणारे बरेचसे आपले लोक पश्चिमेला टार्नेट, ट्रुगनिना, पॉइंट कुक या बाजूला घरं घेतात. तिथे पाऊस कमी, नवी घरं, अंगणं टीचभर, काहींनी तर प्लॅस्टिकचं गवत अंथरलेलं. पूर्वेला रिंगवुड, क्रॉयडनकडे पाऊस जास्त, जुनी मोठी अंगणं आणि एकटे राहणारे म्हातारे लोक जास्त. खरं गिऱ्हाईक तेच. वृद्धांना घरीच राहता यावं म्हणून सरकारी मदत मिळते, नोव्हेंबर २०२५ पासून तिचं नाव ‘सपोर्ट ॲट होम’ झालंय, आणि त्यातून बागेच्या हलक्या कामाचाही खर्च निघू शकतो. अशा संस्थांकडून काम मिळालं तर पैसे थोडे उशिरा येतात, पण वर्षभर येतात. त्यासाठी पोलीस तपासणीचा दाखला आणि विम्याची कागदपत्रं मागतात. तुम्हाला मुळात ही कागदपत्रांची सवय आहे, तिचा फायदा करून घ्या.

गवताचं म्हणाल तर एक गंमत. तिकडे ज्याला काउच म्हणतात ती आपली हरळीच, गणपतीला वाहतो त्या दूर्वा. मेलबर्नच्या थंडीत ती तपकिरी पडून झोपते. किकुयू नावाचं गवत मात्र उन्हाळ्यात पाणी मिळालं की आठवड्याभरात घोट्याला लागतं. बफेलो जाड पानांचं, ते फार खाली कापलं की पिवळं पडतं आणि गिऱ्हाईक रागावतं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, हा नियम सगळ्यांना लागू. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फोन उचलायला उसंत नसते. नवखे लोक तेव्हा येईल त्याला हो म्हणतात आणि तीन आठवड्यांत अर्धी गिऱ्हाइकं गमावतात.

या धंद्यात खरं कसब लागतं ते भाव सांगण्यात. गुडघाभर वाढलेलं मागचं अंगण फोनवर ‘थोडंसं वाढलंय’ असतं. गवतात दडलेले दगड, कुत्र्याची घाण, मागे जायला ट्रॉलीएवढी वाट नसलेलं फाटक, उतार, हे सगळं पाच मिनिटांत बघून तोंडावर आकडा सांगायचा आणि तो सांगून गप्प बसायचं. आपल्याला घासाघीस करायची सवय असते, गिऱ्हाईक गप्प झालं की आपणच भाव खाली आणतो. तिकडच्या माणसाला तुम्ही वेळेवर येता की नाही, यात जास्त रस असतो. कडेचं गवत कापणाऱ्या ट्रिमरच्या फिरत्या दोरीने उडालेला खडा मागच्या काचेच्या दाराला लागणं हा या धंद्यातला नेहमीचा अपघात आहे, म्हणून पब्लिक लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या, विम्याशिवाय पहिलं अंगणही कापू नका. आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ च्या आधी, शनिवार-रविवारी ९ च्या आधी घरांमध्ये मोअरचा, म्हणजे गवत कापायच्या मशीनचा, आवाज करायला व्हिक्टोरियात मनाई आहे. आपल्यासारख्या लोकलची वेळ गाठणाऱ्यांना दिवस उशिरा सुरू झाल्यासारखा वाटतो.

शरीराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे. पाठ आणि मनगटं सवयीने तयार होतात. दम्याचं तसं नाही. वसंतात मेलबर्नच्या हवेत रायग्रास या गवताचे परागकण भरलेले असतात. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी वादळ आलं, ते परागकण फुटून बारीक झाले आणि हजारो लोकांना एकाच वेळी धाप लागली. दहा जण गेले. रुग्णालयात गेलेल्यांमध्ये दमा असल्याचं कधीच निदान न झालेले कितीतरी होते आणि आशियाई वंशाचे लोक ठळकपणे जास्त होते. तुम्हाला किंवा मुलाला सर्दी-शिंकांचा त्रास असेल तर मुलुंडमध्येच छातीच्या डॉक्टरांना भेटा. पहिला वसंत कसा जातो ते बघायलाही तो हाताखालचा मोसम उपयोगी पडेल. ऊन मुंबईपेक्षा कमी घामाचं, पण कातडी जास्त जाळणारं असतं. रुंद काठाची टोपी आणि लांब बाह्या यात लाजू नका. सप्टेंबरमध्ये मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालतात, ती वेगळीच कहाणी.

आता फ्लॅट. मोअर, ट्रिमर, ब्लोअर, ट्रेलर आणि जुनी गाडी यासाठी मुंबईतला फ्लॅट लागत नाही. भाड्याने द्या. तरीही पुढे-मागे विकणारच असाल तर एनआरआय होण्याआधी विकायचा विचार सीएशी बोलून करा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराच्या नफ्यावर इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरून) २० टक्के किंवा त्याशिवाय १२.५ टक्के कर, यांतला जो कमी तो भरायची सोय रहिवाशालाच आहे, एनआरआयला नाही. शिवाय विकणारा एनआरआय असला की घेणाऱ्याला एक टक्क्याऐवजी कितीतरी जास्त टीडीएस कापावा लागतो आणि तो कमी करायचा तर आयकर खात्याचं प्रमाणपत्र आणावं लागतं. मुलुंडमध्ये गिऱ्हाईक याच कारणाने मागे हटताना पाहिलंय. निघण्याआधी बचतीतून पैसे पाठवायचे असतील तर वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरची मर्यादा आहे आणि अशा कारणासाठी दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. विवरणपत्र भरल्यावर तो मिळतो, पण तोवर पैसा अडकतो.

निघायच्या आधी दोन कामं करा. दुचाकीच्या जुन्या मेकॅनिककडे काही रविवार बसून टू-स्ट्रोक इंजिन उघडायला शिका. कार्ब्युरेटर साफ करणं, प्लग बदलणं, तेल-पेट्रोलचं मिश्रण. ट्रिमर बंद पडला की तिकडे दुरुस्तीवाल्याच्या तासाचा दर ऐकून तुम्हाला आमच्या गोरेगावचा मेकॅनिक आठवेल. नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात जाऊन ब्रशकटर, म्हणजे झुडपं कापायचं मशीन, हातात धरून बघा, पण इथून काही विकत नेऊ नका. तिकडे सुटे भाग मिळाले पाहिजेत. दुसरं, गाडीमागे ट्रेलर लावून रिव्हर्स घेणं इथे शिकता येणार नाही, पण निदान मोठी गाडी रोज चालवा. मुलुंड-बीकेसी ट्रेनने करत असाल तर हात बसलेला नसणार.

मी जुलैअखेरपर्यंत गोरेगावात आहे. कंपनीने डिस्क्लोजर डॉक्युमेंट पाठवलं असेल तर प्रिंट काढून घेऊन या. फीचं पान आणि सोडून गेलेल्यांची यादी आपण एकत्र वाचू.