गाडीशिवाय इंग्लंडची खेडी : शेवटची बस आधी बघा

काका, "गाडी नसेल तर इंग्लंडची खेडी विसरा" असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं ते सगळे गाडीवाले असणार. मी इथं चौदा वर्षं राहते आणि मला गाडी चालवता येत नाही. परीक्षेत दोनदा नापास झाल्यावर नाद सोडला. तेव्हा तुम्ही दोघं पासष्टीचे, मुक्काम लेकीकडे रेडिंगला, मे-जूनचे सहा आठवडे हातात, या हिशेबानं सांगते.

आधी एक सवय मोडायला हवी. आपल्याकडे रात्रीची एस्टी गावात मुक्कामाला येते आणि तीच सकाळची पहिली गाडी होते. इथं उलटं. बऱ्याच खेड्यांतून शेवटची बस संध्याकाळी पाच-सहालाच डेपोकडे निघून जाते आणि मग सकाळपर्यंत काही येत नाही. म्हणून मी जायच्या बसआधी परतीची शेवटची बस बघते, आणि दिवस तिच्याही आदल्या बसवर बेतते. शेवटची राखीव. हे शहाणपण एका रविवारी आलं. शनिवारचं वेळापत्रक बघून मी थांब्यावर पाऊण तास उभी. खांबावरच्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, रविवारी बस नाही. स्टेशन चार मैल लांब. शेतातल्या पायवाटेनं निघाले तर फाटकात गाई बसलेल्या. त्या उठल्या नाहीत, मीच वळसा घातला. तेव्हा खेड्यांसाठी मंगळवार ते शनिवार धरा. मे महिन्यात पहिल्या आणि शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे असतो, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, त्या दिवशीही बस बहुधा रविवारसारखीच.

पहिली सहल कॉट्सवोल्ड्सची, म्हणजे दगडी घरांच्या खेड्यांच्या टेकड्यांची करा, कारण ती तुमच्या दारात आहे. लंडन पॅडिंग्टनहून वूस्टरकडे जाणारी गाडी रेडिंगला थांबते, ती सव्वा तासाच्या आसपास मोर्टन-इन-मार्शला सोडते. तिथून ८०१ नंबरची बस स्टो-ऑन-द-वोल्ड आणि बॉर्टन-ऑन-द-वॉटर करत चेल्टनहॅमला जाते. बॉर्टन फोटोत सुंदर दिसतं. विंडरश नदी, तिच्यावरचे बुटके दगडी पूल, सगळं खरं आहे. पण दुपारी तिथं आपल्या महाबळेश्वरच्या बाजारपेठेइतकी गर्दी असते. अर्धा तास पुरे. खरी मजा पुढच्या चालण्यात आहे. बॉर्टनहून पायवाटेनं लोअर स्लॉटर दीड मैलाच्या आत-बाहेर, आणि तिथून ओढ्यासारख्या आय नदीच्या काठानं अप्पर स्लॉटर आणखी मैलभर. (नावाला घाबरू नका. कत्तलीशी संबंध नाही, जुन्या इंग्रजीतल्या चिखलाच्या जागेवरून ते आलं असं सांगतात.) वाट जवळजवळ सपाट आहे, काकूंना जड जाणार नाही. वाटेत लोकांच्या शेतातून जावं लागतं, संकोच करू नका, तो सार्वजनिक हक्काचा रस्ता असतो. वाटेच्या खुणेवर पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे घोडे आणि सायकलीही. फाटक जसं सापडलं तसंच सोडून पुढं जायचं, एवढाच नियम.

पैशांचं थोडक्यात. बसचं एकेरी तिकीट २०२३ मध्ये जास्तीत जास्त २ पौंडांवर आणलं होतं, जानेवारी २०२५ पासून ती मर्यादा ३ पौंड झाली. बहुतेक कंपन्या त्यात आहेत. ज्येष्ठांचा मोफत बसपास मात्र इथल्या रहिवाशांनाच. रेल्वेसाठी 'टू टुगेदर' कार्ड घ्या. एका कार्डावर दोघांना एक तृतीयांश सूट, पण दोघांनी बरोबरच प्रवास करायचा आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधी नाही. नाहीतरी पहाटे उठून काय करायचंय?

तीन-चार रात्री काढता आल्या तर लेक डिस्ट्रिक्ट, उत्तरेकडचा डोंगर-तळ्यांचा भाग. लंडनच्या युस्टन स्टेशनहून ऑक्सनहोम, तिथं छोटी गाडी बदलून वीस मिनिटांत विंडरमिअर. या लांबच्या प्रवासाचं तिकीट आगाऊ काढा, स्वस्त पडतं, फक्त त्याच गाडीनं जावं लागतं. हा फाटा निघायचा होता तेव्हा, १८४४ मध्ये, वर्ड्सवर्थनं कडकडून विरोध केला होता. कविवर्यांना मजुरांची गर्दी नको होती. रूळ १८४७ मध्ये आले, पण विंडरमिअरलाच थांबले. पलीकडे केसिक गावाला पेनरिथकडून वेगळी रेल्वे होती, तीही १९७२ मध्ये बंद पडली. त्यामुळे आता या भागाचा कणा म्हणजे ५५५ नंबरची बस: विंडरमिअर, अँबलसाइड, ग्रासमिअर, केसिक. ग्रासमिअरला उतरून चर्चच्या आवारात वर्ड्सवर्थची साधी कबर बघा आणि शेजारच्या टपरीएवढ्या दुकानातून जिंजरब्रेड घ्या, १८५४ पासून तिथंच बनतं.

यॉर्कशरमधली सेटल-कार्लाइल रेल्वे ज्यांना हवी त्यांच्यासाठी एकच सूचना. रिबलहेडच्या रेल्वेपुलाच्या २४ कमानी बघायला जरूर उतरा, पण 'डेंट' स्टेशनावर डेंट गाव बघायला उतरू नका. गाव तिथून चार मैलांहून लांब आणि खोल दरीत आहे.

थांब्यावर बस दिसली की हात बाहेर काढा, नाहीतर ड्रायव्हर सरळ पुढं जातो. बसमध्ये स्वच्छतागृह नसतं, छोट्या स्टेशनांवरही बहुधा नाही, म्हणून पबमध्ये चहा घ्यायचा तो त्यासाठीही. पबचं दुपारचं स्वयंपाकघर बऱ्याच ठिकाणी दोन-अडीचला बंद होतं. शाकाहारी असाल तर भाजलेला बटाटा आणि चीज नक्की मिळेल, तरी पिशवीत दशम्या असू द्या.

आणि ५५५ मध्ये विंडरमिअरहून केसिककडे जाताना वरच्या मजल्यावर डावीकडे बसा. सगळी तळी त्याच बाजूला आहेत.