मित्र आणि कुटुंबासह भुकेल्या मुलांसाठी खाऊची पाकिटे भरण्याचा खरोखर उपयोग होतो का?

आपला प्रश्न असा आहे की, सुट्टीच्या दिवशी घरची माणसे आणि मित्र एकत्र येऊन मुलांसाठी अन्नाची पाकिटे भरतात, त्याने मुलांचे पोट भरते की भरणाऱ्यांना फक्त समाधान मिळते. आम्ही बीड जिल्ह्यात आठ-दहा जण मिळून काही वर्षे हे काम करतो आहोत, त्या अनुभवावर उत्तर देतो. उपयोग होतो, मात्र मूल कोणत्या वेळी उपाशी राहते हे आधी विचारून घेतले तरच होतो. आम्ही पहिल्या वर्षी ते विचारले नव्हते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्याकडच्या गावांतून मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही मुले त्यांच्याबरोबर उसाच्या फडावरच्या कोपीत (झोपडीत) राहतात, काही हंगामी वसतिगृहात, तर बरीचशी गावात आजी-आजोबांपाशी. या मागे राहिलेल्या मुलांसाठी आम्ही तांदूळ, डाळ, हळद आणि मीठ एकत्र करून खिचडीची दोन-दोन किलोंची पाकिटे मोठ्या उत्साहाने भरली. तीन नातवंडे सांभाळणाऱ्या एका आजींनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "बाबा, ह्ये शिजवायला जळण बी द्या की मग. अन् तांदूळ तर लेकरं शाळंतबी खातेतच." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब होता, आणि तो बरोबर होता. शिजवायचे अन्न घरात आले की ते सगळ्या घराचे होते. त्यात पाणी वाढते आणि मुलाच्या ताटात येईपर्यंत पातळ होते. आजींनी स्वतः उपाशी राहावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

मग आम्ही गावातल्या शिक्षकांना आणि अंगणवाडीताईंना विचारले. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम धान्य आणि 20 ग्रॅम डाळ धरलेली असते, म्हणजे किमान 450 किलोकॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने. दुपारचे एक जेवण शाळेत होते. खड्डा पडतो तो रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत आणि रोज सायंकाळी, आजी दुसऱ्याच्या रानातून परत येईपर्यंतच्या दोन-तीन तासांत. तेव्हापासून आमचे पाकीट या वेळांसाठीच असते, आणि त्यात चूल न पेटवता मुलाला स्वतःच्या हाताने खाता येईल असेच पदार्थ असतात.

एका पाकिटात 40 ग्रॅम फुटाणे, 30 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि 20 ग्रॅम गूळ असतो. त्यातून साधारण साडेतीनशे ते चारशे किलोकॅलरी आणि सुमारे 15 ग्रॅम प्रथिने मिळतात. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अख्खा दाणा अडकू शकतो, म्हणून त्यांच्यासाठी डाळव्याचे पीठ, बारीक कूट आणि किसलेला गूळ एकत्र करून वेगळी पाकिटे भरतो आणि त्यांवर लाल दोरा बांधतो, कारण वाटणाऱ्या आजी-आजोबांपैकी अनेकांना वाचता येत नाही. शेंगदाण्याने कोणाला त्रास होतो का, हेही आधी विचारावे लागते.

भरण्याच्या कामात सर्वांत नाजूक भाग शेंगदाण्यांचा आहे. आमच्या आई दाणे भाजून सुती धोतरावर पसरतात आणि मुठीत धरून ते पूर्ण गार झाल्याची खात्री करतात. त्यांनी हो म्हटल्याशिवाय कोणी पिशवीला हात लावायचा नाही, असा घरचा नियम आहे. हा नियम एका चुकीनंतर आला. घाईत कोमट दाणे भरले गेले, पिशवीच्या आतल्या बाजूला वाफेचे बारीक थेंब धरले, गूळ पाझरला आणि चार दिवसांत दाण्यांना खवट वास येऊ लागला. बुरशी लागलेला शेंगदाणा यकृताला घातक असतो, तेव्हा तो सगळा माल आम्ही खड्ड्यात पुरला. जनावरांपुढेही टाकला नाही. तेव्हापासून गूळ वेगळ्या छोट्या पुडीत बांधतो. काळा पडलेला किंवा सुरकुतलेला दाणा निवडण्याचे काम शाळकरी मुलांकडे असते, कारण त्यांची नजर आमच्यापेक्षा तीक्ष्ण आहे. वजन करायला बसलेले मित्र गप्पांच्या नादात मूठ सैल सोडतात, म्हणून प्रत्येक दहावे पाकीट माझी मुलगी पुन्हा काट्यावर ठेवते आणि कमी भरले तर काकालोकांना न घाबरता परत करते.

नियमित वाटप करायचे असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणीची चौकशी जरूर करावी. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यातील अन्न व्यवसायाच्या व्याख्येत नफ्यासाठी नसलेले कामही येते.

आपल्या पाकिटाची मर्यादाही ओळखावी लागते. त्यात भाजी नाही, दूध नाही, अंडे नाही. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण असते आणि त्यावर गूळ-शेंगदाणे हा उपाय नाही. अशा मुलाची माहिती त्याच दिवशी अंगणवाडीताईंना देऊन त्याला आरोग्य केंद्रात नेण्याची व्यवस्था करावी. आमच्या पाहण्यात असे एक मूल आले होते, तेव्हा त्या दिवसाचे वाटप अर्धवट ठेवून गाडी आधी दवाखान्याकडे वळवली.

वाटताना आम्ही छायाचित्रे काढत नाही. यावर आमच्यातच एकदा वाद झाला, कारण छायाचित्रे पाहून देणगी येते हे खरे आहे; पण हात पुढे केलेल्या मुलाचे छायाचित्र आपल्या शेजारच्या गावात फिरावे, हे त्या घराला कसे वाटेल याचा विचार करून बहुमताने नको ठरले. भाजण्याची, निवडण्याची छायाचित्रे काढतो. तेवढ्यावर गूळ येतो, फुटाणेही येतात.

आपण सुरुवात करणार असाल तर दिवाळीच्या सुट्टीआधी दोन आठवडे एका गावच्या शाळेत जाऊन किती मुले मागे राहणार आहेत ते विचारा आणि तेवढीच पाकिटे भरा. पहिल्या खेपेला तीस-चाळीस पुरे आहेत.