सेकंड लाइफसारख्या आभासी जगात माणसं तासन्‌तास काय करतात? हा वेळ वाया जातो का?

तुम्ही लिहिलंय की तुमची ताई रोज रात्री दोन-तीन तास सेकंड लाइफमध्ये असते, विचारलं की चिडते, आणि तिथे ना लढाई ना पॉइंट, मग ती करते तरी काय? मी 2008 ते 2013 अशी पाच वर्षं तिथे जवळजवळ रोज जात होते, अजूनही अधूनमधून डोकावते. म्हणून लिहितेय.

आधी हे लक्षात घ्या की सेकंड लाइफ हा गेम नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने 2003 मध्ये ते सुरू केलं. जिंकणं-हरणं नाही. जमीन आणि समुद्र कंपनीचा, बाकी घरं, झाडं, कपडे, केस, पावलांचा आवाज, जवळपास सगळं तिथे येणाऱ्या माणसांनीच बनवलेलं. आपण ज्या रूपात फिरतो तो आपला अवतार. हा शब्द आपलाच. पडद्यावरच्या माणसासाठी तो 1986 च्या हॅबिटॅट नावाच्या ऑनलाइन जगात वापरला गेला आणि पुढे रुळला.

मी लग्न होऊन अमेरिकेत मिशिगनला गेले ती एच-फोर व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरी करणाऱ्याच्या बायकोला मिळतो त्या व्हिसावर. तेव्हा त्यावर नोकरी करायला बंदी होती, काही जणींना तरी परवानगी मिळायला 2015 उजाडलं. गाडी एकच, ती नवरा सकाळी सातला घेऊन जायचा. बाहेर बर्फ, पाच वाजले की अंधार. माझी दुपार म्हणजे आईची मध्यरात्र, त्यामुळे फोन तरी कोणाला करणार? जानेवारीत कंटाळून एक दिवस सेकंड लाइफ कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. तिथला दिवस चार तासांचा असतो, तीन तास उजेड आणि एक तास रात्र. पहिला आठवडा मी फक्त समुद्राकाठी उभी राहून सूर्य उगवताना बघत होते. खोटं का सांगू, त्यानेही बरं वाटायचं.

मग जमीन घेतली. वर्षाला 72 डॉलर भरले की 512 चौरस मीटरचं भाडं त्यातच धरलेलं असे. आपल्या हिशेबाने जवळपास पाच गुंठे. त्यावर 117 प्रिम ठेवता यायचे. प्रिम म्हणजे बांधकामाचा तुकडा: ठोकळा, नळकांडं, गोळा. ते ताणायचे, कापायचे, जोडायचे. एवढ्यात घर, अंगण, झाड सगळं बसवायचं, म्हणजे संसाराचाच हिशेब. मी खिडक्यांचे गज रद्द केले आणि ते वाचलेले प्रिम तुळशी वृंदावनाला लावले. आमच्या वाईच्या घरचं वृंदावन दगडी आहे, एका कोपऱ्यावर टवका उडालेला. भावाला सांगून चारही बाजूंचे फोटो मागवले. एक फोटो चढवायला दहा लिंडन डॉलर (तिथलं चलन) पडायचे, खरे चार सेंटही नाहीत. तो टवका ठोकळ्याच्या कोपऱ्यावर नेमका बसवायला मला दोन दुपारी लागल्या. दुसऱ्या दुपारी तो बसला तेव्हा मी खुर्चीवरून उठून चहा केला आणि परत येऊन नुसती बघत बसले.

पुढे दिवा हवासा वाटला. हात लावला की ज्योत पेटली पाहिजे. त्यासाठी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहावी लागते. मी बी.कॉम., प्रोग्रामिंगचा गंध नाही. पण तिथल्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे कोणीही काहीही बांधून बघायच्या मोकळ्या मैदानात, शिकवणारी माणसं भेटायची. तीन आठवड्यांनी माझा दिवा लागला. कोणी लावला त्याचं नाव मला निरोप म्हणून येईल अशीही एक ओळ मी त्यात घातली. मी लॉगइन नसले तर निरोप साठून राहायचा. असे दिवे मी बरेच केले आणि मागेल त्याला फुकट दिले. विकले नाहीत, कारण व्हिसावर कमाई नको होती.

शेजारच्या जमिनीवर वेल्समधल्या एक बाई होत्या. आजारामुळे त्यांचे हात साथ देत नसत, टाइप करायला फार वेळ लागायचा. तिथे कोणी टाइप करत असलं की त्याच्या अवताराचे हात हवेत टकटक हलताना दिसतात. त्यांचे हात हलायचे, थांबायचे, पुन्हा हलायचे. एका वाक्याला दोन मिनिटं. मी वाट बघायची. मला वाटतं, त्या दोन वर्षांत माझ्याशी इतकं मन लावून दुसरं कोणी बोललं नसेल. घराबाहेर पडणं त्यांना जमत नव्हतं, पण तिथे त्या रोज समुद्राकाठी चालत जायच्या आणि जाताना माझ्या अंगणातला दिवा लावायच्या. तुळस काय, दिवा तिन्हीसांजेला का, हे सगळं त्यांनी एकदाच विचारून घेतलं होतं. सकाळी उठून मी लॉगइन केलं की पहिला निरोप त्यांच्या नावाचा.

मार्च 2011 मध्ये ते निरोप थांबले. आठवड्याभराने मी चिठ्ठी टाकली, मग दुसरी, मग दहावी. उन्हाळ्यात त्यांचं घर गेलं, नुसती हिरवी जमीन उरली. मला त्यांचं खरं नावही माहीत नव्हतं. काय झालं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि त्याची रुखरुख गेलेली नाही.

तर तुमची ताई काय करते? बहुतेक असंच काहीतरी. कोणी बागा करतं, कोणी नाचाला जातं, कोणी गाणं ऐकायला, कोणी नुसतं शेजाऱ्याच्या ओट्यावर बसतं. तुम्हाला बाहेरून एक बाई पडद्याकडे टक लावून बसलेली दिसते, आत ती कोणाची तरी शेजारीण असते. नॉर्वेच्या मॅट्स स्टीनबद्दल वाचा. स्नायूंच्या आजाराने तो 2014 मध्ये 25 व्या वर्षी गेला. पोरगं वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात एकटंच बसलेलं असतं, असंच आईवडिलांना वाटत होतं. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर बातमी टाकली आणि देशोदेशीची पत्रं यायला लागली. अंत्यविधीला त्याच्या त्या जगातली माणसं हजर होती.

सगळं गोड आहे असं मात्र मी म्हणणार नाही. एका दुपारी भात लावून मी तिथे गेले आणि घरभर धूर झाला. त्या दिवसापासून घड्याळ लावून बसायला लागले. कपडे, दागिने, जमीन यांवर महिन्याचा पगार उडवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. प्रेमात फसलेल्याही. ताईची झोप, जेवण आणि पैसे एवढ्या तीन गोष्टींवर नजर ठेवा. जागरणाचं एक साधं कारणही असू शकतं: युरोपातली संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र. तिच्या मैत्रिणी तिकडच्या असतील तर ती रात्री बाराच्या आत पडद्यासमोरून उठणार नाही. अमेरिकेतली रात्र आपल्या सकाळी पडते, तेव्हा सुट्टीच्या दिवशी सकाळची वेळ जमते का, ते तिला सुचवून बघा.

आणि "काय करतेस गं तासभर?" असं दारातून विचारू नका. माझा नवरा पहिलं वर्षभर तसंच विचारायचा, मीही चिडायचेच. शेजारी खुर्ची घेऊन बसा आणि म्हणा, तुझं घर दाखव. कोणाशी बोलते ते विचारा, ती माणसं कशी आहेत ते ऐकून घ्या. मग एक कागद पुढे करा: तुझं काही बरंवाईट झालं, महिनाभर दवाखान्यात राहावं लागलं, तर तिथे कोणाला कळवू? दोन-तीन नावं आणि ईमेल लिहून घ्या. वेल्सच्या बाईंच्या घरी असा कागद कोणाकडे नसावा. माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर चार नावं आहेत, आणि डायरी कुठल्या कप्प्यात असते ते नवऱ्याला माहीत आहे.