छोट्या विमानाच्या कॉकपिटमध्ये अग्निशामक, बेल्ट कटर वगैरे नक्की कुठे ठेवावं?

तुम्ही लिहिलंय, सेसना १७२ या चार सीटच्या विमानात अग्निशामक, बेल्ट कटर आणि हातोडी एका पिशवीत घालून सीटमागे नीट अडकवलीय, चालेल का. नाही चालणार. ‘सीटमागे’ वाचलं आणि डोकं सणकलं, म्हणून लिहायला बसले.

माझी उंची ४ फूट ११ इंच. ट्रेनिंग सेसना १५२ या दोन सीटच्या विमानावर झालं. एक उशी पाठीला, एक खाली, आणि सीट रुळावर पार पुढच्या भोकात, तेव्हा कुठे रडरचं, म्हणजे शेपटीच्या सुकाणूचं, पेडल पूर्ण दाबलं जायचं. आमच्या त्या विमानात अग्निशामक दोन सीटच्या मधे होता, पण पार मागे, सामानाच्या जागेला लागून. सहा फुटी माणूस सीट मागे सरकवून बसतो, त्याच्या तो कोपराशी येतो. माझ्यासाठी परगावी.

एका दुपारी शिकवणाऱ्या सरांबरोबर सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीत होते. डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट जाताना, वायर जळल्याचा वास आला, मग पॅनलमागून धुराची बारीक रेघ. सरांनी कंट्रोल घेतले, मास्टर, म्हणजे विजेचा मुख्य स्विच, बंद केला आणि ओरडले, “एक्स्टिंग्विशर काढ!” मी डावीकडे, उजवा हात मागे टाकला. बोटांना सिलिंडरचा गार पत्रा लागत होता, पण पट्टीचा खटका दोन बोटं पलीकडे. जरा वळले की खांद्याचा पट्टा काचायचा आणि पाठची उशी घसरायची. धूर थांबला तो मास्टर बंद झाल्यामुळे, माझ्यामुळे नाही. मास्टर गेला की रेडिओ गेला, आणि १५२ चे फ्लॅप, म्हणजे हळू उतरण्यासाठी पंखांमागून खाली येणाऱ्या पट्ट्या, विजेवर चालतात, तेही गेले. बिनफ्लॅपचे लांबलचक उतरलो.

खाली आल्यावर सर म्हणाले, “घाबरलीस तू. बेल्ट सोडून वळायचं ना.” आणि कँटीनमध्ये चारचौघांत, “हात लहान असले की हे असं.” बेल्ट सोडून? हजार फुटांवर, पुढच्या मिनिटाला शेतात उतरावं लागेल की काय हे माहीत नसताना?

हँगरमधले इंजिनिअर काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उशांसकट सीटवर बसवलं, बेल्ट आवळला, डोळे मिटायला सांगितले. “आता काढ.” सात वेळा केलं, एकदाही जमलं नाही. मग कागदपत्रांचे सोपस्कार होऊन ब्रॅकेट सीटच्या पुढच्या कडेला, जमिनीलगत आलं. दोन महिने लागले. नोंदीत कारण लिहिलंय ‘देखभालीच्या सोयीसाठी’.

तर तुमची पिशवी सोडवा. विमान उडवणाऱ्यांतल्या सगळ्यात बुटक्या माणसाला बसवा, बेल्ट आवळा, डोळे मिटायला लावा. त्याच्या हाताला येईल ती जागा. कटर पँटच्या खिशात नको, बेल्ट नेमका त्यावरच आवळला जातो. खांद्याच्या पट्ट्याला दोरीने बांधा, म्हणजे विमान उलटं झालं तरी हरवणार नाही. गाडीची काच फोडायची टोकदार हातोडी निरुपयोगी आहे. विमानाची खिडकी अ‍ॅक्रिलिकची, तिचा गाडीच्या काचेसारखा चुरा होत नाही, वजनदार हातोडीने घावच घालावे लागतात. सिरस कंपनीच्या विमानांत अशी हातोडी मधल्या आर्मरेस्टमध्येच दिलेली असते, ते उगाच नाही. आणि शेतात उतरायची वेळ आलीच तर टेकण्याआधी दरवाजाचा खटका उघडा, सांगाडा पिळला की दार अडकतं. हे चेकलिस्टमध्ये आहेच, पण हातोडीच्या नादात विसरलं जातं.

बीकन, म्हणजे मदतीचा संदेश पाठवणारं छोटं यंत्र, घेणार असाल तर अंगावर बाळगा. शेपटीत बसवलेला बीकन, म्हणजे ईएलटी, आगीत गेला तर गेला. जुना फक्त १२१.५ मेगाहर्ट्झवाला असेल तर त्याला उपग्रह २००९ पासून ऐकतच नाहीत, ४०६ मेगाहर्ट्झचा हवा. समुद्रावरून जाणार असाल तर लाइफ जॅकेट घालूनच बसा, फुगवायचं मात्र बाहेर पडल्यावर.

सर, तुम्ही इथे वाचता हे मला ठाऊक आहे. एकदा सीट पुढच्या भोकात टाका, बेल्ट आवळा आणि मागचा सिलिंडर काढून दाखवा. मग ‘घाबरलीस’ म्हणा.

राहिलंच. अग्निशामक वेल्क्रोवर चिकटवू नका, धातूचं ब्रॅकेटच हवं. ९ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट, धक्क्यात दोन किलोची वस्तू अठरा किलोंच्या जोराने पुढे येते. पावडरवाला नको, कॉकपिटभर धुरळा होतो आणि अ‍ॅल्युमिनियमही खराब होतं. हॅलॉन (आग विझवणारा वायू) मारण्याआधी व्हेंट, म्हणजे हवेचे झरोके, बंद, आग विझल्यावर उघडे. ब्रॅकेटसाठी भोक स्वतः पाडू नका, इंजिनिअरची सही लागते. आणि मी हे सगळं सेसनावरून सांगतेय. पायपर चेरोकी या विमानाला पुढे दार एकच, तेही उजवीकडे, त्याला खटके दोन. तिथे शेजारी बसणाऱ्याला दोन्ही उघडायला शिकवल्याशिवाय इंजिन चालू करू नका.